काफी, सास, चाकलेट

दातांच्या दवाखान्यात निवृत्त ग्रंथपाल पुस्तक उघडून बसले होते, पण पान काही उलटत नव्हतं. शेजारच्या बाकावर दोघी बहिणी आईला सांभाळणाऱ्या बाईबद्दल बोलत होत्या.

“ती इथली नाहीच. काल मी मुद्दाम तिला सामानाची यादी वाचायला लावली.”

“आणि?”

“काफी, सास, चाकलेट. इथे जन्मलेलं माणूस असं म्हणेल?”

“ताई, तू पोलिसात का नाही गेलीस गं?”

“चेष्टा नको. ठेवताना मी स्पष्ट विचारलं होतं, कुठली तू? इथलीच, म्हणाली. जी गाव लपवते, ती आणखी काय काय लपवत असेल?”

“सहा महिन्यांत घरातला चमचा तरी हलला का?”

“अजून नाही हलला.”

“आणि आई तिच्याशिवाय कुणाच्या हातून जेवत नाही.”

“त्याचीच तर भीती वाटते. आज घरी गेल्यावर खडसावून विचारणार आहे. खरं बोलली तर ठेवेन.”

“बाहेरची आहे असं तेव्हाच म्हणाली असती, तर घेतली असतीस घरात?”

ताईने पर्समधून रुमाल काढला, त्याची घडी मोडली आणि पुन्हा घातली.

“नसती घेतली.”

“मग आज ती काय सांगेल?”

इतक्यात आतून मदतनीस आली. “आजोबा, काय त्रास होतोय?”

चाळीस वर्षांपूर्वी या शहरात आलेल्या ग्रंथपालांनी एकदा त्या बाकाकडे पाहिलं आणि मुकाट्याने गालाला बोट लावलं.