बापूसाहेबांचं निघालं, विठाबाईचं राहिलं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय बापूसाहेब, दौंडला नवं हॉस्पिटल थाटायला निघालेले आपले सत्कारमूर्ती डॉक्टरसाहेब, व्यासपीठावरील मान्यवर मंडळी आणि मांडवगण फराट्याच्या माझ्या बंधुभगिनींनो, सर्वांना जय भीम आणि रामराम.

शाळेच्या वतीनं मी दोन शब्द बोलावेत असा निरोप आला, तेव्हा मी लगेच होकार दिला. डॉक्टरसाहेबांच्या हाताला गुण आहे, याचा दाखला शोधायला दूर कशाला जायचं? अध्यक्षच बसलेत. पंचाहत्तर साली बापूसाहेबांच्या लघवीतून रक्त गेलं. दुखणं नाही, ताप नाही. डॉक्टरसाहेबांना त्याच दिवशी शंका आली. स्वतःच्या गाडीतून त्यांना पुण्याला नेलं. मूत्राशयात गाठ निघाली. कॅन्सरची, पण अजून वरवरची. तिथल्या सर्जननी लघवीच्या वाटेनंच दुर्बीण घातली आणि गाठ खरवडून काढली. पोटाला सुरी लागली नाही. थोड्याच दिवसांत बापूसाहेब चावडीवर बसून हे सगळं रंगवून सांगत होते. वाजवा टाळ्या, वाजवायलाच हव्यात.

ती हकिगत माझ्या आईच्याही कानावर गेली. आई म्हणजे विठाबाई, बापूसाहेबांच्याच मळ्यात खुरपायला जायची. तिलाही तेच होत होतं, लाजेपायी बोलली नव्हती. मी तिला दवाखान्यात नेलं. ती पायरीखालीच उभी राहिली.

"डॉक्टरसाहेब, मालकांना झालं तसंच मला बी होतंय. पुण्याची चिठ्ठी द्या."

डॉक्टरसाहेब हसले. "मालकांचा आजार तुला कसा होईल गं? बायकांचं असतंच हे. उन्हात राबतेस, धण्याचं पाणी पी."

मी म्हणालो, निदान लघवी तरी तपासा. तेव्हा आपण म्हणालात, "मास्तर, तुम्ही शाळा सांभाळा."

डॉक्टरसाहेब, मान खाली घालू नका, हार निसटतोय.

आई पुन्हा गेली, नंतरही जात राहिली. दर खेपेला धण्याचं पाणी. पुण्याला चल म्हटलं की म्हणायची, "एवढा शिकलेला माणूस खोटं बोलंल व्हय?" वर्ष उलटलं आणि तिची लघवीच अडली. तेव्हा मी तिला एसटीनं पुण्याला नेलं. गाठ पडली तीही त्याच सर्जनशी. ते म्हणाले, "गाठ मूत्राशयाच्या भिंतीत खोल उतरलीय. दुर्बिणीनं निघायची वेळ गेली. आधी का नाही आणलंत?"

परतताना आईनं विचारलं, "बापूसाहेबांचं निघालं, मंग माझं का न्हाई?"

दिवाळीच्या आधी ती गेली. डॉक्टरसाहेब माणुसकीनं दारात आले, म्हणाले, "वय झालं होतं बाईचं." आईला पन्नाशी लागली नव्हती. बापूसाहेब सत्तरीकडे झुकलेत. त्यांना उदंड आयुष्य लाभो.

अध्यक्ष घड्याळ दाखवतायत, आवरतो. डॉक्टरसाहेब, दौंडलाही खुरपणाऱ्या बायका येतील. हसण्याआधी लघवी तपासा.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर तेवढं पोटात घाला. आणि आईनं एसटीत जे विचारलं, त्याचं उत्तर डॉक्टरसाहेबांनी आता सत्काराला उत्तर देताना द्यावं. मी खाली बसतो.