दोन जुड्या, चार सुट्या

मी मूळची तासगावची. वडील बेदाण्याच्या शेडवर मुकादम, भावंडांत मी थोरली, आणि लग्न होऊन पुरतं वर्ष झालं नाही तोवर परत माहेरी आले, ते का आले ते सोडा, ते तुमच्या लिहिण्यातलं नाही. भाऊ म्हणाला, राहा की, घर तुझंच आहे. पण घर तुझंच आहे असं ज्याला सांगावं लागतं त्याचं ते नसतं, एवढं मला कळत होतं, म्हणून गल्लीतल्या बालवाडीत लागले आणि केस पांढरे होईस्तोवर तिथंच राहिले. काय सांगू तुम्हाला, दुसऱ्यांची इतकी लेकरं हाताखालनं गेली, बाजारात निघाले की कुणीतरी मिशावाला बाप्या वाकून पाया पडायचा, बाई, ओळखलं का. भावाचा नितीनपण त्यातलाच. चिंचोके मोजत बसायचा, आणि चोवीस लिही म्हणलं की आधी चार काढायचा, मग दोन. बेचाळीस. सगळीच पोरं करतात तसं. चोवीस म्हणताना चार आधी ऐकू येतो, वीस मागनं येतो, लेकरू जे आधी ऐकतं ते आधी लिहितं. दमानं घेतलं की बसतं.

तोच नितीन इंजिनियर होऊन इकडं डच लोकांच्या मुलखात, हूफडॉर्पला आला. एक दिवस फोन, आत्या, प्राजक्ताचं नवीन ऑफिस सुरू होतंय, रेवाला बघायला तीन महिने येतेस का. प्राजक्ता त्याची बायको, रेवा लेक. मी लगेच हो म्हणलं. खरं सांगू का, मला वाटलं आयुष्यभर लोकांची पोरं शिकवली, आता आपल्या घरातलं एक शिकवू. आले, आणि मागनं हा रोग आला. विमानं बंद. विमानतळ इथनं हाकेच्या अंतरावर, आणि मी अडकून पडलेली. शाळापण बंद. शाळेनं कागदांचा गठ्ठा घरी दिला, सगळा डचमधला, तो ह्या दोघांनाही धड वाचता येईना. दोघं दोन खोल्यांत दारं लावून कॉम्प्युटरवर. आत्या, जरा तिला घेऊन बस ना, म्हणाले. म्हणलं आकडे तर सगळीकडं सारखेच, मी बसते.

चिंचोके कुठनं आणणार इथं? देवापुढं मी रोज उदबत्ती लावायची, तिच्या जळून उरलेल्या काड्या जमवल्या, दहा-दहाला रबर लावलं, झाल्या जुड्या. रेवा आधी काय करायची माहीत आहे का, प्रत्येक जुडी नाकाला लावायची. ही मोगऱ्याची, ही चंदनाची. मग मोजायची. दोन जुड्या, चार सुट्या, चोवीस! आईबापाला सगळी उत्तरं इंग्रजीत देणारी पोरगी, माझ्याशी मराठीत भांडायला लागली हो. आत्याआजी, तू चीटिंग करतेस, म्हणायची. मला एवढं बरं वाटायचं.

मग एकदा सकाळी कॉम्प्युटरवर तिची शाळा चालू होती. इकडं बाईंना युफ म्हणतात. युफनं आकडा सांगायचा, पोरांनी पाटीवर लिहून पडद्याला दाखवायचा. रेवानं चोवीसला बेचाळीस लिहून धरलं, आणि नेमका नितीन कॉफी घेऊन मागनं चाललेला. शाळा संपल्यावर मला म्हणाला, आत्या, तू तिला मराठीतनं मोजायला शिकवू नकोस, तिचं कन्फ्युजन होतंय. म्हणलं अरे बाबा, तूपण हेच लिहायचास, बसतं थोड्या दिवसांनी. तर म्हणतो, ते वेगळं होतं. काय वेगळं होतं रे? चोवीस वेगळा होता का मी वेगळी होते? प्राजक्ता म्हणाली, आत्या, प्लीज, उद्यापासनं तिच्याशी इंग्लिशच बोलत जा. आता मला इंग्लिश येतं किती, थँक्यू नि सॉरी. म्हणजे मी गप्पच बसायचं ना? दुसऱ्या दिवशी ड्रॉवर उघडला तर जुड्या नाहीत. प्राजक्तानं आवराआवर केली होती. रेवा आली, आत्याआजी, काड्या? मी म्हणलं, आईला विचार. आणि स्वयंपाकघरात जाऊन कणीक मळत बसले.

त्यात माझंच काही चुकलं असेल असंही वाटायचं, खोटं कशाला बोलू. लेकराचं नुकसान केलं का काय आपण.

शाळा उघडल्या, युफनं आईबापाला भेटायला बोलावलं. प्राजक्ता आली ती हसतच, जेवताना सांगायला लागली, अगं आत्या, गंमत माहीत आहे का, डचमध्येपण चार आणि वीस असंच म्हणतात, फीर-एन-ट्विन्तिख, इथली सगळीच मुलं उलटं लिहितात, युफ म्हणाली काळजी करू नका, होईल नीट. नितीनपण हसला. मी डाव हातात धरून उभी. म्हणलं आता कुणीतरी म्हणेल, आत्या, मग शिकव की परत. तेवढंच. माफीबिफी नको होती मला. नितीन म्हणाला, आत्या, आमटी वाढ.

वाढली.

आता मी रेवाला चोवीस म्हणलं की ती व्हॉट म्हणते. मघाशी तुम्हाला दार उघडलं ना तिनं, हॅलो म्हणून पळाली, तीच. हुशार आहे, आकडे सुलटे लिहिते, मला कसलं दुःख नाही त्याचं. शिकू दे, मोठी होऊ दे, ज्या भाषेत पोट भरेल त्या भाषेत मोजू दे. विमानं सुरू झालीत, नितीननं माझं तिकीट काढलंय. तासगावात आता बालवाडीही माझी नाही, पण बाजार तरी आहे, कुणीतरी ओळखेल.

परवा एक पार्सल आलं. शाळेत दहा-दहाच्या गठ्ठ्यांनी मोजतात म्हणून प्राजक्तानं मागवलेल्या प्लास्टिकच्या काड्या, लाल-निळ्या, सोबत रबरंपण. रेवानं डबा उघडला, दहा काड्यांना रबर लावलं, आणि मोजायच्या आधी जुडी नाकाला लावली. मग आईकडं बघून म्हणाली, दे डोन्ट स्मेल. प्राजक्ताला कळेना ही काय बोलते ते, म्हणाली, स्मेल ऑफ व्हॉट, बेटा?

मी भांडी घासत होते. मला इंग्लिश येत नाही, पण तेवढं कळलं.