रपट्याखाली पडलेल्या उकंडाची चौकशी

...अन् त्यातला एक तं म्हने, "कोन्या गावचे?" मानूस रपट्याखाली दगडावर पडून आहे, पाय गुडघ्याखाली भलतीकडंच वळला आहे, तोंडातून धड शब्द निघून नाही राह्यला, अन् हा वरून वाकून इचारते, कोन्या गावचे. आता तुम्हीच मले सांगा, ही काय इचाराची येळ होय?

नाही, थांबा. तुम्हाले उकंडा माहीत नसन. आमच्या घाटंजीहून तीन कोसावर राह्यते, लई सरळ मानूस. छप्पनच्या दसऱ्याले नागपूरले जाऊन दीक्षा घेऊन आला, तवापासून मान वर करून चालते. बासष्ट सालची गोष्ट सांगून राह्यलो मी. उकंडा बाजाराले निघाला होता, बायकोले, म्हंजे तुळसाबाईले, लुगडं घ्याचं होतं. नाल्यावरच्या रपट्याची, म्हंजे त्या ठेंगण्या पुलाची, कड ढासळली अन् हा गेला खाली. कट्कन आवाज झाला, त्याले वाटलं काडी मोडली. काडी नव्हती ते.

बाजाराचा रस्ता, गाड्यांमागं गाड्या. अन् थांबल्या बरं का, सगळ्या थांबल्या, कोनी थांबलं नाही असं मी म्हननार नाही, खोटं कायले बोलू? वीस-पंचवीस जन जमले. थांबाले आपल्यासारखे लोकं दुनियेत नाहीत. पन उचललं कोनी नाही. "कोन्या गावचे? कोनाचे? सासरवाडी कोनती?" म्हंजे पाय मोडला उकंडाचा अन् चौकशी सासऱ्याची. एक जन लोटा घेऊन खाली उतरला, पानी तोंडापाशी आनलं, अन् तिथंच हात थांबवून म्हने, "समाज कोनता?" उकंडा म्हने, "बौद्ध." तं तो म्हने, "ते झालं, पन त्याच्या आंधी कोन होते?" उकंडानं तोंड फिरवलं. लोटा आला तसा वर गेला. आता तुम्हीच मले सांगा, तहान काय इचारून लागते का?

त्याच्यात गोविंदा नावाचा एक गाडीवाला होता. बैल तगडे, गाडी अर्धी रिकामी. तो म्हने, "म्या नेला असता याले दवाखान्यात. पन वाटेत काही बरंवाईट झालं तं लोकं मले इचारतीन, हा तुहा कोन होय? मी काय सांगू?" अन् बाकीचे माना हालवून राह्यले, बराबर आहे म्हने, ओळख ना पाळख. इकडं रगत वाहून राह्यलं, ऊन डोक्यावर आलं, अन् या लोकायची सभा चालूच.

तेवढ्यात धुरळा उडवत जीप आली. बोंडअळीचा अभ्यास कराले एक गोरा सायब आलता यवतमाळले, त्याची जीप, अन् चालवाले आपल्या घाटंजीचा नजीर. सायब उतरला. काही नाही इचारलं त्यानं, गाव नाही, नाव नाही. गर्दीतून सरळ खाली आला, पळसाच्या दोन काड्या तोडल्या, आपला टावेल फाडून पाय बांधला. गयात लटकवलेली पान्याची बाटली होती, ते उकंडाच्या तोंडाले लावली. अन् मंग त्याच बाटलीतून स्वता पेला, न पुसता. उकंडा सांगते, पाय बांधताना म्या डोयातून टिपूस काढलं नाही, पन त्या बाटलीपाशी मले राहवलं नाही.

यवतमाळच्या दवाखान्यात डाक्तर म्हने, तासभर उशीर झाला असता तं पाय कापाच लागला असता. उकंडानं खाटेवरून हात जोडले, "सायब, मी उकंडा..." सायबानं घडी पाह्यली, नजीरच्या कानात काही बोलला अन् चालता झाला. नजीर म्हने, "साहब बोलते, नाम-वाम रहने दो, पैर ठीक हो गया तो बस."

एकवीस दिवस उकंडा तिथं पडून होता. सायब एकदाही फिरकला नाही. उकंडा दारातल्या दरेक पावलाकडं पाहे. तुळसाबाईले म्हने, "मी काय कापसाचा बोरा होतो का? उचलला, गाडीत टाकला, उतरवला, झालं. जीव वाचवला त्यानं, पन कोनाचा वाचवला ते तं पुसाव." आता तुम्हीच मले सांगा, नाव इचाराले काय दिवस लागते?

अन् आला कोन? गोविंदा. तिसऱ्या दिवशी, हातात तुपाचा डबा. दारातूनच वरडला, "अबे, तू डोमाजीचा पोरगा? माहा बा अन् तुहा बा पांढरकवड्याच्या जिनात कापूस पिंजाले संगं होते. तवाच सांगाचं ना, खांद्यावर नेलं असतं तुले." उकंडा म्हने, "पाय मोडल्यावर मानूस बापाचं नाव कुठून सुरू करन?" गोविंदाले ते काही समजलं नाही. तो खाटेपाशी बसला अन् यवतमाळातच बहिनीकडं मुक्काम ठोकून रोज येऊ लागला. पायाले तेल लावे, तुळसाबाईसाठी घरून भाकरी आने, पानी पाजे आपल्या हातानं. उकंडाले त्याच्या डोक्यात डबा घालावा वाटे. पन रागावून मानूस किती दिवस राह्यते? तूप मात्र चांगलं होतं म्हने.

वैशाखात काठी टेकत टेकत उकंडा अन् तुळसाबाई टोपलीभर गावरान आंबे घेऊन सायबाच्या बंगल्यावर गेले. ओसरीत नजीर तोंड उतरवून बसला होता. म्हने, सायबाले चार दिवस झाले ताप, दार लोटून पडला आहे. बाजूच्या खोलीत त्याच्याच मुलखाचा दुसरा सायब होता. त्यानं काय केलं? चिठ्ठी धाडली. "काही लागलं तं कळव." उकंडाचा भडका उडाला. "शुद्ध नाही त्याले, अन् तो कळवन? वीस पावलं चालून याले काय झालं?" नजीर म्हने, "उनके में ऐसाच है. बुलाए बगैर अंदर नहीं जाते. तकलीफ होती बोलते सामनेवाले को." आता तुम्हीच मले सांगा, तकलीफ कशाची, तापाची का मानसाची?

तुळसाबाईनं दार लोटलं, आंदर गेली, पदर भिजवला अन् कपायावर ठेवला. मंग तीन दिवस दोघंही तिथंच. तुळसाबाई पेज पाजे अन् इचारे, माय आहे का, भाऊ किती, लेकरं कोनाजवळ? नजीर लाजत लाजत अर्धं सांगे. सायब पयले तोंड वाकडं करे, हातानं जा म्हने. ते जाये कुठं? तिसऱ्या दिवशी ताप उतरला अन् सायब आपूनच बोलला. माय आहे. सत्तरीची आहे. एकटी राह्यते.

"तिले ताप आला तं कोन पाह्यते?" तुळसाबाईनं इचारलं.

"शेजारचे. चांगले आहेत. बोलावलं की येते."

"अन् तिनं बोलावलंच नाही तं?"

नजीरनं ते सांगितलं. सायबानं भिताडाकडं तोंड केलं. मंग त्यानं उकंडाकडं बोट दाखवून नजीरले काही इचारलं. नाव इचारलं त्यानं. उकंडानं आपलं सांगितलं, बापाचं सांगितलं, अन् गावाचंही सांगून टाकलं.

बाहेर ओसरीत येऊन मात्र त्याचा संताप पुन्हा वर आला. "आपले लोकं कुळाची पोथी वाचल्याबिगर हात लावत नाहीत. अन् या सायबाचे लोकं हात लावून मोकळे होते, मांगं वळून पाहत नाहीत. मंग मानसानं पडाव तरी कोन्या मुलखात?"

तुळसाबाई पदर पिळून राह्यली होती. म्हने, "तुम्ही आता पडूच नोका."