वंदीला मोठी म्हणायचं का

माझं माहेर कुडपणचं, वर सड्यावरचं, तिथं धुकं उतरलं की गोठ्यातली गाय समोर असून दिसत नाय, आणि मला दिली खाली नदीकाठच्या गावात, तर सुरवातीला इथल्या उकाड्यानं झोपच लागंना, अशी मी डोंगरातली बाई. नाचणी पेरली, भात लावलं, म्हशी राखल्या, दुसरं काय केलं नाय जल्मात. तर तुम्ही महाडवरनं एवढ्या लांब येऊन मला विचारताय, तुमची वंदना बॉक्सिंगमधली मोठी खेळाडू म्हणायची की नाय, आता काय सांगू तुम्हाला, मला त्यातलं काय कळतं. पण वंदी माझी हाय तेवढं कळतं, तर माझ्या परीनं सांगते, तुम्ही लिवा तुम्हाला पाहिजे तसं.

वंदी आम्हाला एकलीच. आमचे हे, म्हणजे तिचे बाबा, उंच, गप माणूस, पण पोरीवर जीव. बारावी झाली तशी तिला मुंबईला माझ्या भावाकडं ठेवली कॉलेजला. भाऊ एका बिल्डिंगवर वॉचमन. त्या बिल्डिंगच्या मागं मैदान, तिथं कोण एक सर पोरांना बॉक्सिंग शिकवायचे, ही रोज बघत उभी राहायची, तर एक दिवस सर बोलले, बघतेस काय, ये आत. आणि ही गेली. आम्हाला पत्ता नाय. गणपतीला घरी आली ती ओठ सुजलेला, डोळ्याखाली काळंनिळं. मी भावालाच धरला, माझ्या पोरीला कोणी मारलान, नाव सांग, मी येते मुंबईला कोयती घेऊन. भाऊ हसतोय. बोलतो, ताय, टेन्शन नको घेऊ, समोरचीचं तोंड बघशील तर हिचं विसरशील. मी कपाळावर हात मारला. ह्यांनी मात्र पोरीचा हात हातात घेऊन उलटासुलटा करून बघितलानी आणि एवढंच विचारलानी, दुखतं का गो. ती बोलली, नाय. मंग खेळ, बोलले.

तशी ती खेळली. राज्यात तिच्या वजनाला दुसरी पोरगी टिकत नव्हती, एवढं मी ऐकून हाय. खेळावरच नोकरी लागली. भिंतीला बिल्ले टांगायला जागा पुरंना. घरात कोण पावणा आला की हे बिल्ला काढायचे आणि स्वतःच्याच गळ्यात घालून दाखवायचे, असे वेडे.

मंग ते साल आलं. देशाच्या संघाची निवड व्हायची होती, तिकडं दिल्लीला, निवडलेली पोरगी बाहेरदेशी खेळायला जाणार. वंदीचं आणि हरयाणाच्या एका पोरीचं, दोघींचंच नाव लोकं घेत होती. जायच्या आधी वंदी बाबांच्या पाया पडायला म्हणून घरी आली आणि पाऊस असा लागला, असा लागला, की डोंगर दिसंना. त्याच पावसात ह्यांना अर्धांग झालं. बांधावर बसले ते उठंनात, तोंड वाकडं, शब्द फुटंना. रस्त्यावर दरड आलेली, गाडी येत नाय, फोन लागत नाय. वंदीनं घरातली चादर बांबूला बांधून झोळी केलान आणि गावातल्या बाप्यांबरोबर स्वतः खांदा दिलान, दरडीवरनं, चिखलातनं, पार पोलादपूरपर्यंत. बाप्ये खांदे बदलत होते, हिनं बदललान नाय. मी मागनं चालतेय ह्यांच्या चपला हातात घेऊन, का घेतल्या होत्या कोणाला ठाऊक, ते काय चालणार होते त्या घालून. दवाखान्यात डॉक्टर बोलले, आणखी उशीर झाला असता तर माणूस हाताशी लागला नसता. तोवर महाडात पाणी भरलेलं, वीर स्टेशनात रेल्वेगाड्या थांबलेल्या. आणि खरं सांगू, पाणी उतरल्यावरसुद्धा ती स्टेशनकडं गेली नाय. बाबांच्या उशाशीच बसून राहिली. तिकडं निवड झाली, हरयाणाची पोरगी गेली आणि पदक घेऊन आली.

हे वाचले, पण एक हात लुळा पडला. त्या दुखण्यानं नाय मोडले एवढे, लोकांच्या बोलण्यानं मोडले. बाजारात जा, लग्नात जा, जो तो बोलणार, अरे तुझ्यापायी पोरीचं पदक गेलं रे. मायेनंच बोलायचे, वाईट कोणाच्या मनात नाय. पण हे घरी येऊन ओटीवर बसायचे भिंतीकडं तोंड करून. ताटात भात तसाच ठेवायचे. एकदा मला बोलले, तवा त्या दरडीतच ठेवायला पाहिजे होतंत मला. मी ते वंदीला फोनवर सांगितलं. ती बोलली, आये, त्या हरयाणावालीशी माझी मॅच लागली हाय, बाबाला मोबाईलवर दाखव.

शेजारणीनं मोबाईल लावून दिलान, आम्ही दोघं ओटीवर बसलो. मी तिचा खेळ कधी बघितलाच नव्हता, बघवायचा नाय. त्या दिवशी बघितला. आधी वंदीच पुढं, ती पोरगी मागं मागं सरकतेय. मंग काय झालं कळलं नाय, वंदीचे हात खाली यायला लागले आणि ती पोरगी मारत सुटली, तोंडावर, डोळ्यावर. मी पदर तोंडाला लावला. हे बोलतायत, हात वर घे गो, हात वर घे, जशी काय तिला ऐकू जातंय. हरली. पंचांनी त्या पोरीचा हात वर केला तशी वंदीनं तिला मिठी मारलान.

मंग घरी आली ती डोळा बांधून. बाबांसमोर मांडी घालून बसली आणि बोलली, बघितलास ना बाबा, ती माझ्यापेक्षा भारी हाय. तवा मी गेले असते तरी हेच झालं असतं. तुझ्यामुळं माझं काय गेलं नाय. ह्यांनी चांगला हात तिच्या डोक्यावर ठेवलानी. त्या दिवशी पोटभर जेवले. माणूस हलका झाला, मी बघितलं ना डोळ्यांनी. पुढं गेले तेपण झोपेत, शांत.

आणि तिचा तो डोळा गेला. आतला पडदा फाटला म्हणतात. ऑपरेशन केलं, पण उजेड-अंधार तेवढा कळतो. डॉक्टरांनी खेळ बंद करायला सांगितलानी, आणि संपलं.

परवा महाडला तिचा सत्कार झाला तो तुम्ही बघितलाच. ते शिकलेले गृहस्थ बोलायला उभे राहिले, वंदना महान खेळाडू झाली असती पण वडिलांचं आजारपण आडवं आलं, नायतर आज, असं काय काय. वंदी उठली, मधीच माईक घेतलान, बोलली, सर, माफ करा, मी जे जिंकले त्यासाठी हार घाला, जे झालंच नाही त्यासाठी नको, आणि माझ्या बाबांचं नाव यात घेऊ नका. टाळ्या वाजवायच्या की नाय कोणाला कळंना. मंग चहाला कुजबूज, कोण बोलतो गर्व हाय, कोण बोलतो राज्यापुरतीच तर होती. मी कप धरून उभी, सगळं ऐकतेय.

येताना रिक्षात मी विचारलं. कितीतरी दिवस मनात होतं. वंदे, खरं सांग, हात मुद्दाम खाली सोडलेस का गो, बाबांसाठी. ती बाहेर बघतच बोलली. आये, त्या पोरीनं मला हरवलं. ते तिचं हाय, तिच्याकडनं काढून घेऊ नको.

मी परत विचारलं नाय. विचारणार पण नाय. आई हाय म्हणून माझं मन दोन्हीकडं जातं, कधी वाटतं मुद्दाम हरली, कधी वाटतं बाबांच्या काळजीनं दमलेली पोर खरंच हरली. दोन्हीत माझीच पोर हाय. मोठी की काय ते तुमच्यासारख्यांनी ठरवा, मला तो शब्द नीट पेलत नाय.

आता ती नोकरीवर जाते, भात कापायला रजा काढून येते. डाव्या अंगाचं तिला दिसत नाय, विळा चालवताना मला भीती वाटते, म्हणून त्या अंगाला मी राहते. ती मला सरक म्हणत नाय. मी गेल्यावर त्या अंगाला कोण राहील ते देवाला ठाऊक, पण उरलेला डोळा तेवढा त्यानं राखावा तिचा, बास, दुसरं मागणं नाय माझं.