घट बसायच्या आधी धुतलेले टब

निकिता : आजी, टबांवरच्या पट्ट्या कुठं गेल्या? निळी आणि पांढरी?

मनकर्णा आजी : खरवडून काढल्या. उद्या भगवतीचे घट बसायचे. घरातलं येकूणयेक भांडं घासून निघालंय, तुझे टब काय आभाळातून पडल्यात?

निकिता : अगं, मासे होते त्यात!

आजी : मग मी काय मोरीत सोडले व्हय? येका टबातले हंड्यात, दुसऱ्यातले घागरीत. टब घासले, परत भरले. येक मेला न्हाई.

निकिता : हंड्यातले कुठल्या टबात टाकले?

आजी : टबातच टाकले.

निकिता : आजी! आई काही बोलली नाही?

आजी : सविता म्हनली, हात लावू नका. मी म्हनलं, मला शिकवू नको. दोन्ही सारखीच रोहूची पिल्लं की!

निकिता : सारखी नाहीत. निळ्या पट्टीच्या टबाला तांब्याची तार गुंडाळून बॅटरी जोडली होती, अंडी होती तेव्हापासून दहा दिवस; मग तार काढली. पांढऱ्याला काहीच नव्हतं. वीज सोडली की तारेचं चुंबक बनतं. चुंबकाजवळ वाढलेली पिल्लं पुढं वेगळी वागतात का, तेच तर बघायचं होतं.

आजी : मग मला इचार की. तू आयतवारी येती, रोज दाना मी टाकते. ह्या टबातली माझी बांगडी वाजली की वर येत्यात. त्या टबातली कडंला दबून बसत्यात. तीच तुझी चुंबकाची. लाव पट्टी.

निकिता : नाही लावता येत.

आजी : का? माझा डोळा खोटा?

निकिता : खराही असेल. पण वागण्यावरूनच चुंबकाची ठरवायची आणि मग लिहायचं, चुंबकाची वेगळी वागतात! मी तपासलं काय?

आजी : म्हंजी आधी सून खोडीची ठरवायची, मंग तिच्या खोड्या मोजायच्या.

निकिता : तसंच.



आजी : आता काय हुईल?

निकिता : सगळं पहिल्यापासून परत करावं लागेल. अंडी पुढच्या पावसाळ्यात मिळतील. डिग्री वर्षभर लांबली.

आजी : तुझे सर म्हनतील, पोरगी निष्काळजी?

निकिता : म्हणतीलच.

आजी : लाव फोन. खोडा मी घातला, आसं माझ्या तोंडानं सांगते.

निकिता : तू सांगशील?

आजी : लाव म्हनलं ना. आन् थांब, आधी सविताला हाक मार. तिलाबी ऐकू दे.