लाल बंडी आणि डोंगराकडची खिडकी

शिस्त म्हणे! अहो कसली शिस्त आणि कसलं काय... जरा सरका तिकडे, इशिगुरो, न्हाणीघराच्या हौदातलं गरम पाणी सगळं तुमच्याच बाजूला येतंय... हां, बस. तर आमची शिस्त बघायला हा माणूस इटलीहून विमानात बसून आला, आणि येऊन बसला कुठे? माझ्या खिडकीत! महिनाभर आधी स्टेशनवर जाऊन काढलेली जागा, बुलेट ट्रेनमधली डोंगराकडची खिडकी, तिकिटावर तसं छापलेलं, आणि मी डब्यात चढून बघतो तर तिथे एक अगडबंब गडी, छातीपर्यंत दाढी, गुडघे समोरच्या खुर्चीत रुतलेले, आणि माझ्याकडे बघून हसतोय! तुम्ही म्हणाल, तोकुजी, सरळ सांगायचं ना, की बाबा रे, ही माझी जागा आहे, ऊठ. वा! तुम्ही सांगितलं असतंत? अहो इशिगुरो, समोरच्या हजामाला इतक्या वर्षांत तुम्हाला सांगता आलं नाही की कल्ले एवढे वर घेऊ नको, आणि तुम्ही त्या राक्षसाला उठवणार? सांगणार कसं?

मी मुळात कमी बोलणारा माणूस. टोफूच्या दुकानात बोलायचं काय असतं? सोयाबीन वाटायचे, दूध काढायचं, वड्या पाडायच्या. पण मी प्रयत्न केला हो! तिकीट काढलं, तिकिटाकडे बघितलं, खिडकीवरच्या आकड्याकडे बघितलं, पुन्हा तिकिटाकडे बघितलं आणि म्हटलं, ‘अं...’ आपल्यात एवढं पुष्कळ झालं! आपल्यातला माणूस एवढ्यावर ताडकन उठतो आणि माफी मागत मागत पार पुढच्या डब्यात जातो. हा काय करतो? माझ्या हातातलं तिकीट बघतो आणि म्हणतो, ‘अहाहा, आजोबा, तुमच्याकडे तिकीटसुद्धा किती सुंदर असतं!’ आमच्या भाषेत म्हणतो! तिकडे कॉलेजात शिकलाय म्हणे. म्हणजे समजत नाही म्हणून सोडून द्यावं तर तीही सोय नाही. बसलो मुकाट्याने शेजारी. ती शेजारची जागा खरी त्याची होती.

आता तुम्ही म्हणाल, एका खिडकीसाठी एवढा जीव का टाकतोय हा म्हातारा? तर तुम्हाला सांगतो. ओइ नदीचा पूल ओलांडला की चहाचे मळे लागतात. त्यात एक मळा रुळाच्या अगदी कडेला, तो आमचा. म्हणजे दादाचा. दादा म्हणजे योशिमात्सु, माझा थोरला भाऊ. आमचं बोलणं नाही. वडील गेले तेव्हा सगळ्या पाहुण्यांदेखत तो म्हणाला, ‘आमचा तोकुजी टोकियोत पाणी विकतो, पांढरं पाणी!’ टोफूला म्हणाला हो! मग मीही म्हणालो, की तू तरी काय विकतोस, वाळलेलं गवतच ना? झालं. तेव्हापासून त्याने मला फोन केला नाही आणि मी त्याला नाही. मनात तसं काही नव्हतं, पण आता सांगणार कसं? पहिलं कोण सांगणार?

पण दरवर्षी पहिली पानं खुडायच्या आधी मी ओसाकाला मुलीकडे जातो, मिचिएकडे. तीच सकाळची गाडी, तोच डबा, तीच खिडकी. आणि दरवर्षी दादा त्या वेळी मळ्याच्या कडेला उभा असतो आणि डोक्यावर पांढरा टॉवेल फिरवतो. मी रुमाल हलवतो. गाडी काय थांबते का तिथे? पापणी लवली की संपलं. ठरवलेलं कुणीच नाही. पहिल्या वर्षी वहिनीने फोन करून मिचिएला विचारलं होतं, बाबा कुठल्या गाडीने निघणार, कुठल्या डब्यात बसणार, एवढंच. पुढे त्यावर कुणी चकार शब्द काढला नाही.

या वर्षी वहिनीचा फोन थेट मला आला. म्हणाली, ‘भावजी, मळा विकून टाकला आम्ही. ह्यांच्याने उभं राहवत नाही आता. शरदात मुलीकडे जाणार हामामात्सुला, तिथून काही तुमची गाडी दिसायची नाही. हे शेवटचं वर्ष. डोळ्यांनाही फार कमी दिसतं, तेव्हा रुमाल नको. काहीतरी मोठं आणा, लाल आणा.’

लाल! माझ्याकडे लाल काय असणार? तर साठीची बंडी. तुमच्याकडेही असेल माळ्यावर पडलेली, साठ झाली की घालतात ती लाल ढगळ बंडी, फोटो काढायचा आणि ठेवून द्यायची. माझी आमच्या हिने शिवलेली. कापसाचे थर असे घातलेत की वाऱ्याची काय हिंमत! ती पुढच्याच वर्षी गेली, बंडी तशीच राहिली. ती गाठोड्यात बांधून मांडीवर घेऊन बसलो होतो मी. आणि खिडकीत कोण? इटली!

आणि बोलतो किती! ‘अहाहा, किती शांतता! कुणी कुणाशी बोलत नाही, सगळे जणू ध्यानाला बसलेत!’ ध्यान कसलं बोडक्याचं! झोपलेत मेले! पहाटेपासून राबायला निघालेली माणसं, तोंड उघडं टाकून झोपलीत, आणि हा म्हणतो ध्यान! अख्ख्या डब्यात शांतता होती हे मात्र खरं. एकटा हा बोलत होता म्हणून ती ऐकू येत नव्हती एवढंच.

‘आणि तुमची शहरं! एवढं मोठं टोकियो, पण रस्त्यात एक चिटोरं नाही!’ अहो नसणारच! कचऱ्याचा डबाच नाही कुठे तर लोक टाकतील कशात? सकाळी खाल्लेल्या केळ्याचं साल माझ्या खिशात होतं तेव्हा! माझा खिसा म्हणजे तुझं स्वच्छ शहर! आणि बघतोय काय हा बाहेर? विजेच्या तारा, सिमेंट, जुगाराच्या दुकानांच्या पाट्या, पुन्हा तारा, पुन्हा सिमेंट, एक शहर संपलं कधी आणि दुसरं लागलं कधी, तिथे राहणाऱ्यालाही कळू नये, आणि हा खिडकीला नाक लावून, ‘अहाहा! अहाहा!’

मग खाण्याची गाडी ढकलत मुलगी आली. डब्याच्या दाराशी जाऊन वळली, वाकली आणि गेली. ‘बघितलंत आजोबा? झोपलेल्या माणसांनासुद्धा वाकून नमस्कार!’ अरे बाबा, त्या पोरीला तसं शिकवलंय, रिकामा डबा असता तरी ती वाकली असती. आणि मग तो मान हलवत मला म्हणतो, ‘आमच्याकडे गाडी अर्धा दिवस उशिरा आली तरी कुणी चुकून माफी मागत नाही. तुमच्याकडे जराशा उशिराला माफी! किती मोठ्या मनाची माणसं तुम्ही!’

मोठं मन म्हणे! गाडी उशिरा आली की मागतो हो आम्ही माफी. ती आमची नसते ना, कंपनीची असते, कर्ण्यातून मागतात, ती सोपी! माझ्या दादाने मागितली का एकदा तरी? मी मागितली? ये म्हणावं आमच्या घरी आणि मोठं मन मोज. पण त्याला हे सांगणार कसं?

मला वाटलं, फुजी डोंगर येऊ दे. यांना फुजीच हवा असतो. फुजी बघेल, फोटो काढेल, एकदा पोट भरलं की मग म्हणेन, जरा जागा बदलू या का. मनात वाक्य तयार केलं, चांगलं घोकलं. आणि फुजी आला, तर काय? ढगात! पाऊलसुद्धा दिसेना! एवढा मोठा डोंगर, जन्मभर तिथेच उभा, त्याला दुसरं काम नाही, आणि नेमका त्याच दिवशी पांघरूण घेऊन झोपला! इटली हिरमुसली. लहान पोरासारखा चेहरा केला त्याने, ‘मी थोडा झोपतो आजोबा,’ म्हणाला, आणि खिडकीचा पडदा... खाली! खटकन! आणि दोन श्वासांत घोरायला लागला. आता झाली का नाही खरी शांतता?

काय करावं माणसाने! शिझुओका गेलं. बोगदा गेला. मी खाकरलो. मी घसा साफ केला. मी गाठोडं सोडलं, कागद वाजवला. पुढच्या रांगेतला एक साहेब मागे वळून माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मीच घोरतोय! पुलाचा आवाज सुरू झाला, खडाखडा खडाखडा... ओइ नदी! पूल संपला की मळे, मळ्यांत दादा, दादाच्या डोळ्यांना दिसत नाही, आणि माझ्यापुढे हा मांसाचा डोंगर, त्याच्यापलीकडे पडदा! मी उठून उभा राहिलो, बंडी दोन्ही हातांत धरली, त्याच्या अंगावरून पुढे केली खिडकीकडे, की निदान एका हाताने पडदा वर सारू आणि दुसऱ्या हाताने...

आणि त्याने डोळे उघडले.

बघतो तर काय, एक म्हातारा जपानी, पुढे वाकलेला, दोन्ही हातांत लाल वस्तू, त्याच्या छातीसमोर धरलेली, डोळ्यांत पाणी. आता तुम्हीच सांगा, आपल्या देशात याचा अर्थ काय होतो? कॉलेजात शिकलाय ना तो! दोन्ही हातांनी घेतली त्याने बंडी! मान तुकवली! ‘मला? आजोबा, मला?’ म्हणाला. आणि मी... मी काय म्हणालो माहीत आहे? मी म्हणालो, ‘अगदी क्षुल्लक वस्तू आहे हो.’

तोंडातून आपोआप निघतं ते! कुणी काही हातातून घेतलं की निघतंच! जन्मभराची खोड! झालं, त्याने ती घातली. खांद्यावर टरकली जरा, पण घातली. आणि स्वतःला बघायचं म्हणून काचेत बघायला पडदा सारला वर, अन् उभा राहिला, अख्खी खिडकी लालेलाल! मी त्याच्या काखेखालून डोकं घातलं. मळा आला.

दादा उभा नव्हता. चहाच्या पेटीवर बसला होता. वहिनीने पाठीमागून त्याला धरलं होतं, आणि हातात टॉवेल... तो फिरवत नव्हता आता, नुसता वर धरला होता. मान भलत्याच दिशेला, मागच्या डब्याकडे. मग मान वळली. आमच्याकडे वळली, मी बघितली वळताना. टॉवेल हलला.

एवढंच. संपलं. पुढे मग बोगदा.

आणि तो काय म्हणतो वरून? बंडी घालून, दोन्ही हात हलवून झाल्यावर, दाढीतल्या दाढीत गहिवरून? ‘पाहिलंत आजोबा? ते म्हातारे! अनोळखी गाडीला हात करत होते! किती प्रेमळ देश आहे हा तुमचा!’

अनोळखी! मी खाली बसलो. खिशातल्या केळ्याच्या सालावर बसलो. त्याला सांगणार कसं? आणि सांगून मग बंडी परत मागणार कशी? उलट आपल्यातली रीत त्याला ठाऊक, भेट घेतली की परतभेट द्यायची, म्हणून त्याने पिशवीत हात घालून मला काय दिलं असेल? चावी अडकवायचं कडं, त्याला लटकलेला वाकडा मनोरा. वाकडा! सरळ बांधता आला नाही तो नाही, वर तोच पितळेत ओतून जगभर वाटतात, आणि हे आमच्या गाड्या वाखाणणार! बंडी गेली इटलीला. मिचिएने स्टेशनवर पहिलं काय विचारलं? ‘बाबा, आईची बंडी?’ मी कडं दाखवलं.

पण थांबा हो, उठू नका, शेवटचं राहिलंच. गेल्या महिन्यात फोन वाजला. मला वाटलं वहिनी. उचलला, तर पलीकडे नुसता श्वास. मग आवाज आला, म्हातारा झालाय हो आवाज, पण खोच तीच!

‘तोकुजी? पाणी विकून चांगलाच सुटलास की रे!’

मी फोन कानाला आणखी घट्ट धरला.

‘अख्खी खिडकी भरली होती तुझ्याने! हिला विचार! मला वाटायचं, काटकुळाच असशील अजून, धड खातोस की नाही... दोन्ही हात हलवत होतास, लेका. दोन्ही!’ मग नाक ओढलं त्याने, स्पष्ट ऐकू आलं मला. ‘ते पाण्याचं... मी बोललो होतो ते... जाऊ दे. शरदात ये हामामात्सुला. चहा करून देतो, गवताचा. जवळून बघू दे तुला एकदा, एवढा गलेलठ्ठ झालेला.’

आता बोला! बघा माझ्याकडे, या पाण्यातसुद्धा माझ्या बरगड्या मोजता येतील तुम्हाला! सांगायला हवं होतं ना, की दादा, तो मी नव्हतो, इटलीचा एक रेडा होता, मी त्याच्या काखेखाली होतो? इतक्या वर्षांनी माणूस आपणहून बोलतोय, माझं अंग भरलं म्हणून त्याला रात्री झोप लागणार आहे, आणि त्याला मी... सांगणार कसं?

म्हणालो, ‘हो दादा. जरा अंगावर आलंय खरं.’

तेव्हापासून खातोय. सकाळ-संध्याकाळ तीन-तीन वाडगे भात, वर तळलेलं डुकराचं मांस, मध्ये गोड पाव, पोट फुटायची वेळ आली. आत्ता आत येताना इथल्या दाराशी ठेवलेल्या वजनकाट्यावर उभा राहिलो, तर काटा ढिम्म हलत नाही. शरद तर आला जवळ. बरं, ते जाऊ दे, इशिगुरो, तुमचीही नजर अधू आहे म्हणून विचारतो, तुम्हाला काय वाटतं... एवढ्या लांबून त्याला दाढी तर दिसली नसेल ना हो?