भारताच्या संघाची यादी

सावनेरच्या बसमध्ये यमुताईंच्या पुढच्या बाकावर एक नवरा-बायको मोबाइलवर वाकून बसले होते. निवृत्त शिक्षिका यमुताईंचे कान नकळत तिकडे लागले.

"अवो, आली का यादी?"

"आली वं देवकी. पण चष्मा घरीच रायला. अक्षरं मुंग्यांसारखी दिसून राहिली."

"खालून पाहा. दोन वर्षं खुशीचं नाव खालीच होतं, राखीवमंधी."

"औंदाही राखीवच ठेवलं तर?"

"काहून ठेवतीन जी? सरांनी चढाई सोडाले लावून पकडीत उभं केलं, तवा चार दिवस नीट जेवली नाई पोरगी. मंग वर्षभर नुसती पाय धराले शिकली. भारताच्या कबड्डी संघाले पकड लागत नाई का?"

नवरा मागे वळला.

"ताई, जरा वाचून देता का? खुशी देवराव राऊत."

यमुताईंनी फोन घेतला आणि तळापासून पाहायला सुरुवात केली.

"राखीवमध्ये नाहीये हो."

दोघंही बाकाच्या पाठीवरून फोनकडे वाकले. यमुताईंचं बोट एकेक नाव वर सरकत गेलं.

"अहो, पहिलंच नाव! खुशी देवराव राऊत, कर्णधार!"

"कर्णधार म्हंजे कॅप्टन ना?"

"कॅप्टनच!"

देवकी धावत्या बसमध्ये उभी राहिली.

"कंडक्टरभाऊ, गाडी थांबवा!"

"इथं स्टॉप नाई, माय."

"मले उतराचं नाई. सगळ्यायले सांगाचं हाय, अन् या खडखडाटात कोणाले आयकू नाई येत!"

ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं.